सख्ख्या बहिणींचे अहवाल वेगळे का येतात: घरगुती डीएनए चाचणीवर किती विसंबावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन सख्ख्या बहिणींनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून लाळेवरची डीएनए चाचणी करून घेतली. थोरलीच्या अहवालात मध्य आशियातले वंशमूळ ११ टक्के आले, धाकटीच्या अहवालात ३ टक्के. सात महिन्यांनी थोरलीला कंपनीने सुधारित अहवाल पाठवला आणि त्यात ११ चे ४ झाले होते. शिवाय तिच्या जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीत सर्वांत वर एक पूर्णपणे अनोळखी नाव आहे. त्या व्यक्तीशी तिचा ८९० सेंटीमॉर्गन (जुळणाऱ्या डीएनएच्या लांबीचे माप) डीएनए जुळतो आणि कंपनीने नात्यापुढे ‘फर्स्ट कझिन’ असे लिहिले आहे. यातले खरे काय मानायचे, आणि उलगडा व्हावा म्हणून आईचीही चाचणी करून घ्यावी का, असे थोरल्या बहिणीने विचारले आहे.

‘चाचणी विश्वासार्ह आहे का’ याला हो किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर देता येत नाही. गेली एकोणीस वर्षे मी आनुवंशिकी प्रयोगशाळेत नमुने वाचण्याचे आणि पुढे कुटुंबांना अशा अहवालांचा अर्थ समजावून देण्याचे काम करत आहे, आणि गोंधळ चाचणीपेक्षा अहवालाच्या मांडणीतून अधिक होतो असे मला दिसत आले आहे. तुमच्या डीएनएची अक्षरे (म्हणजे तो ज्यांच्या रांगेने बनतो ती रासायनिक एकके) कोणती, ती कोणाशी जुळतात आणि ती जगाच्या कोणत्या भागाकडे बोट दाखवतात, अशी तीन वेगवेगळ्या दर्जांची विधाने एकाच अहवालात शेजारी शेजारी बसलेली असतात. पहिले विधान हे मोजमाप आहे, दुसरे त्या मोजमापावरून काढलेला बऱ्यापैकी भक्कम निष्कर्ष आहे, आणि तिसरे अंदाज आहे. तिन्ही सारख्याच ठाम आकड्यांत छापलेली असल्यामुळे वाचणारा एक तर तिन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो, नाहीतर एक चुकलेले दिसताच तिन्ही झटकून टाकतो. तुमच्याबाबत मला दुसऱ्या प्रकाराची काळजी वाटते. ११ चे ४ झाले म्हणून तुम्ही ८९० हा आकडाही खोटा धरलात, तर अहवालातली सर्वांत खरी गोष्टच तुमच्या हातून निसटेल.

प्रथम मोजमापाबद्दल. तुम्ही नळीत दिलेल्या लाळेत गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतात, आणि त्यांच्यातला डीएनए वेगळा काढून एका चिपवर वाचला जातो. माणसाच्या डीएनएत सुमारे ३ अब्ज अक्षरजोड्या आहेत. चिप त्यांपैकी साधारण ६ ते ७ लाख ठिकाणेच तपासते, म्हणजे एका टक्क्याचा पन्नासावा भाग. हा भाग अगदीच थोडा वाटेल, पण ही ठिकाणे माणसामाणसांत जिथे फरक आढळतो अशीच निवडलेली असतात, त्यामुळे या कामासाठी ती पुरतात. चांगल्या प्रयोगशाळेत हे वाचन ९९ टक्क्यांहून अधिक अचूक असते. ते ९९.९ टक्के अचूक आहे असे धरले, तरी साडेसहा लाखांपैकी सहाशे-साडेसहाशे अक्षरे चुकीची वाचली जाऊ शकतात. नाते शोधताना इतक्या चुका सहज पचतात, कारण तिथे हजारो अक्षरांची सलग रांग एकत्र पाहिली जाते. एकाच अक्षरावर सगळा निर्णय टांगलेला असतो, तेव्हा मात्र त्याच चुका घातक ठरतात. म्हणूनच या कच्च्या माहितीवरून रोगाचा धोका ओळखू नये, असे मी नेहमी आग्रहाने सांगतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, घरगुती चाचण्यांच्या कच्च्या माहितीत दिसलेले जे जनुकीय बदल वैद्यकीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासले गेले, त्यांपैकी ४० टक्के प्रत्यक्षात नव्हतेच. तुमचा प्रश्न आरोग्याचा नाही, म्हणून हा विषय इथेच सोडतो.

प्रयोगशाळेतली अदलाबदल फार विरळा असते. अदलाबदल झालीच, तर ती बहुधा घरी, दोन नळ्यांवर चिकटपट्ट्या लावताना होते. एका पती-पत्नीने एकाच संध्याकाळी लाळ दिली होती. अहवाल आल्यावर पतीच्या यादीत पत्नीची आत्या दिसू लागली, तेव्हा कुठे हा घोटाळा उघड झाला. आणखी एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्यांच्यावर अस्थिमज्जा-प्रत्यारोपण झाले आहे, त्यांच्या लाळेतल्या पांढऱ्या पेशी दात्याच्या असतात, आणि त्यामुळे त्यांचा अहवाल दात्याचा किंवा दोघांची सरमिसळ झालेला येऊ शकतो. तुमच्या बाबतीत यांपैकी काही घडले आहे का, हे तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे यादीत आणखी एखादा ओळखीचा नातेवाईक योग्य जागी दिसतो का ते पाहणे. तसा एक जरी दिसला, तरी नमुना तुमचाच आहे असे समजायला हरकत नाही.

आता टक्केवारीकडे वळू, कारण तुमचा विश्वास डळमळला तो तिथेच. डीएनएच्या अक्षरांवर कुठल्याही प्रदेशाचे नाव लिहिलेले नसते. कंपनीकडे आज हयात असलेल्या काही हजार लोकांचे नमुने असतात. आपले चारही आजी-आजोबा एकाच भागातले होते, असे सांगणारे लोक शक्यतो त्यासाठी निवडलेले असतात. या संग्रहाला संदर्भसमूह म्हणतात. तुमच्या गुणसूत्रांचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकडा संदर्भसमूहातल्या कोणत्या गटाशी सर्वांत जास्त मिळतो, हे संगणक ठरवतो आणि शेवटी सगळ्या तुकड्यांची बेरीज टक्क्यांत मांडतो. म्हणजे ‘मध्य आशिया ११ टक्के’ या वाक्याचा काटेकोर अर्थ असा होतो, की तुमच्या डीएनएतले इतके तुकडे या कंपनीने मध्य आशिया असे नाव दिलेल्या आजच्या माणसांशी तिच्या संग्रहातल्या इतर कोणाहीपेक्षा अधिक जुळले. तुमचे पूर्वज तिथे राहत होते की नाही, किती शतकांपूर्वी राहत होते, की त्यांच्या भागातून माणसे तिकडे गेली होती, यांपैकी काहीही हे वाक्य सांगत नाही. लोकसमूह जागेवर स्थिर राहिलेले नाहीत, आणि मोजपट्टी मात्र आजच्या वस्तीवरून आखलेली आहे.

मग अहवाल बदलला कसा? तुमची अक्षरे तीच राहिली, मोजपट्टी बदलली. अँसेस्ट्री या कंपनीने २०१८ मध्ये आपला संदर्भसमूह सुमारे ३,००० नमुन्यांवरून १६,००० हून अधिक नमुन्यांपर्यंत वाढवला, तेव्हा असंख्य ग्राहकांच्या टक्केवाऱ्या एका रात्रीत बदलल्या आणि पुष्कळांना तो विश्वासघात वाटला. प्रत्यक्षात संदर्भसमूह मोठा झाला की अंदाज सुधारण्याचीच शक्यता जास्त असते. पूर्वी तुमचा एखादा तुकडा ज्या गटाशी खरोखर मिळाला असता, तो गट संग्रहातच नव्हता, म्हणून संगणकाने त्याला उपलब्ध गटांपैकी त्यातल्या त्यात जवळच्या पेटीत टाकले होते. योग्य पेटी आली आणि तुकडा तिथे गेला. तुमच्या ११ टक्क्यांपैकी ७ टक्के बहुधा असेच हलले असावेत, आणि उरलेले ४ सुद्धा उद्या हलणार नाहीत अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

संदर्भसमूह सगळ्या जगासाठी सारखा दाट नसतो, हा मुद्दा जरा सविस्तर सांगावासा वाटतो. व्यापारी कंपन्यांच्या संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांचे नमुने सर्वाधिक आहेत. सार्वजनिक संग्रहांपैकी ‘वन थाउजंड जीनोम्स’ हा प्रकल्प या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. २०१५ मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा त्यात २६ लोकसमूहांतले २,५०४ लोक होते. त्यातले दक्षिण आशियाई गट पाच, आणि त्यांपैकी गुजराती नमुने ह्यूस्टनमध्ये, तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ नमुने ब्रिटनमध्ये, पंजाबी नमुने लाहोरमध्ये आणि बंगाली नमुने बांगलादेशात गोळा केलेले होते. संशोधनाच्या दृष्टीने यात काही गैर नाही, पण शेकडो लोकसमूहांच्या प्रदेशासाठी पाच गट फारच थोडे आहेत, हे कोणालाही पटेल. ज्या माणसाचा समूह संग्रहात नाही, त्याच्या अहवालात शेजारच्या किंवा दूरच्या एखाद्या समूहाचे नाव उमटते. तो माणूस ते नाव खरे धरून आपल्या घराण्याचा इतिहास नव्याने रचू लागतो, आणि असे होताना मी अनेकदा पाहिले आहे.

कंपन्या आपली अनिश्चितता लपवतातच असे नाही, पण ती शोधावी लागते. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीच्या अहवालात वंशमुळाचा नकाशा दीर्घकाळ ५० टक्के खात्रीच्या पातळीवर दाखवला जात असे. म्हणजे एखादा तुकडा अमुक प्रदेशाचा असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त वाटली, की त्याला त्या प्रदेशाचे नाव मिळे. हीच पातळी ९० टक्क्यांवर नेली, की लहान लहान प्रदेश गळून पडत आणि ‘ढोबळमानाने युरोपीय’ किंवा ‘ढोबळमानाने आशियाई’ अशा मोठ्या गटांत जमा होत. तुमच्या अहवालात टक्क्यांच्या मागे किमान-कमाल मर्यादा दिली आहे का ते पाहा. ४ टक्क्यांच्या शेजारी ‘० ते ९’ असे लिहिलेले असेल, तर तो प्रदेश तुमच्या वंशमुळात नसण्याचीही शक्यता कंपनीने स्वतःच मान्य केली आहे. माझा स्वतःचा नियम असा आहे, की खंडाच्या पातळीवरचे मोठे आकडे मी गांभीर्याने घेतो, शेजारशेजारच्या प्रदेशांमधली वाटणी सैल मानतो, आणि ५ टक्क्यांखालच्या एकट्या प्रदेशावर, दुसरा पुरावा नसेल, तर काहीही उभारत नाही.

सख्ख्या बहिणींमध्ये फरक पडावा का, तर जरूर पडावा. आईकडून निम्मा आणि वडिलांकडून निम्मा डीएनए येतो हे खरे आहे, पण प्रत्येक अपत्याला मिळणारा निम्मा भाग वेगळा असतो, कारण आई-वडिलांच्या गुणसूत्रांची प्रत्येक वेळी नव्याने फेरजुळणी होते. सख्ख्या भावंडांत समान डीएनए सरासरी ५० टक्के असतो, मात्र प्रत्यक्ष मोजमापात तो सुमारे ३७ पासून ६२ टक्क्यांपर्यंत आढळला आहे. समजा तुमच्या वडिलांच्या डीएनएतला १२ टक्के भाग खरोखरच एखाद्या विशिष्ट समूहाकडून आलेला आहे आणि आईचा अजिबात नाही. तर मुलींना सरासरी ६ टक्के मिळेल, पण एकीला ८ आणि दुसरीला ४ मिळणे अगदी स्वाभाविक आहे. तुमच्या ११ आणि ३ या आकड्यांत हा खरा फरक किती आणि दोन कंपन्यांच्या दोन मोजपट्ट्यांचा फरक किती, हे दिलेल्या माहितीवरून वेगळे करता येणार नाही. त्यासाठी दोघींचे नमुने एकाच कंपनीने, एकाच आवृत्तीच्या संदर्भसमूहावर तपासलेले असावे लागतात.

मोजपट्टीचा फरक किती मोठा असू शकतो, याचे चांगले उदाहरण कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने २०१९ मध्ये दाखवले. एकसारख्या जुळ्या बहिणींचे नमुने पाच कंपन्यांना पाठवले गेले. पाचही कंपन्यांची उत्तरे एकमेकींशी जुळली नाहीतच, पण एकाच कंपनीने त्या दोघींना दिलेल्या टक्केवाऱ्यांतही फरक निघाला. एका कंपनीकडची त्या दोघींची कच्ची अक्षरे तज्ज्ञांनी तपासली, तेव्हा ती ९९.६ टक्के सारखी होती. वाचन जवळजवळ अचूक आणि अर्थ लावणे सैल, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

यादीतली ती अनोळखी व्यक्ती हा तुमच्या प्रश्नाचा माझ्या मते खरा गाभा आहे, म्हणून त्यावर अधिक थांबतो. नाते जुळवताना संदर्भसमूहाची गरज पडत नाही. दोन माणसांच्या गुणसूत्रांवर अक्षरांच्या लांब, सलग रांगा सारख्या असतील, तर त्या दोघांना त्या एकाच पूर्वजाकडून मिळाल्या असणार, एवढाच त्यामागचा तर्क आहे. या रांगांची लांबी सेंटीमॉर्गन या मापात सांगतात. थॉमस हंट मॉर्गन या शास्त्रज्ञाच्या नावावरून आलेले हे माप आहे, आणि एका पिढीत गुणसूत्राची फेरजुळणी तिथे होण्याची शक्यता किती, यावर ते आधारलेले आहे. आई-वडील आणि अपत्य यांच्यात साधारण ३,४०० ते ३,७०० सेंटीमॉर्गन जुळतात. सख्ख्या भावंडांत सुमारे २,६०० जुळतात. आई किंवा वडील यांपैकी एकच समान असलेल्या भावंडांत सुमारे १,७५० जुळतात, आणि आजोबा-नात किंवा मावशी-भाची या नात्यांतही जवळपास तितकेच. ज्यांचे आजी-आजोबा समान आहेत अशा चुलत-मावस भावंडांत सरासरी ८५० ते ९०० च्या आसपास, आणि ज्यांचे पणजोबा-पणजी समान आहेत त्यांच्यात सरासरी २३० च्या आसपास. दूरच्या नात्यात मात्र चाचणीचे मौन हा पुरावा नव्हे. खापरपणजोबा समान असलेल्या भावंडांच्या दहा जोड्यांपैकी साधारण एका जोडीत ओळखता येईल असा कुठलाही समान तुकडा नसतो, तरीही नाते खरेच असते.

तुमचा ८९० हा आकडा योगायोगाने येणारा नाही. ७ सेंटीमॉर्गनहून लहान तुकड्यांत खोटे जुळणारे पुष्कळ असतात, पण ८९० इतकी बेरीज लांब तुकड्यांशिवाय होत नाही. ही व्यक्ती तुमची रक्ताची नातेवाईक आहे, हे मी कंपनीचे नाव न विचारताही सांगेन. मात्र नेमके नाते कोणते, हे आकडा सांगत नाही. समान आजी-आजोबांचे भावंड, आजी किंवा आजोबांचे सख्खे भावंड, तुमच्या आईचे किंवा वडिलांचे असे भावंड ज्याच्याशी त्यांचे एकच पालक समान आहे, किंवा तुमच्या अशाच एखाद्या भावंडाचे अपत्य, या सगळ्यांची सरासरी एकच येते. यांतले काय शक्य आहे, ते त्या व्यक्तीच्या वयावरून बऱ्याच अंशी ठरते. ती तुमच्याच एका पालकाची थेट मुलगी किंवा मुलगा, म्हणजे तुमचे भावंड असण्याची शक्यता मात्र मी या आकड्यावर जवळजवळ सोडून देईन. ही भीती तुम्ही प्रश्नात लिहिलेली नाही, पण ती मनात असते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

एक अट इथे सांगायला हवी. पिढ्यानपिढ्या एकाच लहान समूहात लग्ने होत आली असतील, तर दूरचे नाते अनेक वाटांनी साठत जाते आणि बेरीज फुगते. अशा वेळी एकूण आकड्यापेक्षा तुकड्यांची संख्या आणि सर्वांत लांब तुकड्याची लांबी जास्त बोलकी असते. थोडे पण लांब तुकडे असतील तर नाते जवळचे, आणि पुष्कळ पण आखूड तुकडे असतील तर नाती अनेक पण दूरची.

कंपनीच्या ‘फर्स्ट कझिन’ या शब्दाबद्दलही थोडे सांगतो. त्या एका शब्दात आपली चुलत, आते, मामे आणि मावस अशी चारही भावंडे येतात. आपली भाषा नाते सांगताना कोणत्या बाजूचे हेही सांगते. चाचणी बाजू सांगत नाही, कारण प्रत्येक ठिकाणच्या अक्षरजोडीतले कोणते अक्षर आईकडून आले आणि कोणते वडिलांकडून, हे तिला तुमच्या एकटीच्या लाळेवरून ठाऊक नसते. आईच्या चाचणीचा खरा उपयोग इथे आहे. त्या अनोळखी व्यक्तीशी आईचाही डीएनए जुळला, आणि तो १,७५० च्या आसपास निघाला, तर ती व्यक्ती बहुधा आईचा भाचा किंवा भाची, म्हणजे तुमचे मामे किंवा मावस भावंड ठरेल. आईशी काहीच जुळले नाही, तर नाते वडिलांकडचे, म्हणजे बहुधा चुलत किंवा आते.

पुढची निवड करायला अहवालातला एक दुर्लक्षित भाग कामी येतो. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) म्हणजे पेशीतला ऊर्जा तयार करणारा भाग; तिच्यातला वेगळा डीएनए, एकूण १६,५६९ अक्षरजोड्यांचा, फक्त आईकडून मिळतो. वंशमूळ सांगण्यासाठी त्याला जाहिरातीत जे महत्त्व दिले जाते ते मला पटत नाही, कारण दहा पिढ्या मागे गेलात तर तुमचे १,०२४ पूर्वज होतात आणि हा डीएनए त्यांपैकी एकाच स्त्रीची ओळ दाखवतो. नाते छाटण्यासाठी मात्र तो फार उपयोगी आहे. ती व्यक्ती तुमच्या मावशीचे अपत्य असेल, तर तिचा तंतुकणिकेचा गट (या डीएनएच्या अक्षरांवरून ठरणारा मातृवंशाचा गट) आणि तुमचा गट एकच असला पाहिजे. मामाचे अपत्य असेल, तर तो गट मामीकडून आलेला असेल आणि बहुधा वेगळा निघेल. गट वेगळा निघाला तर मावस नाते नक्की बाद होते. गट एकच निघाला तर ते सिद्ध होत नाही, कारण काही गट फार मोठ्या लोकसंख्येत पसरलेले असतात. वडिलांच्या बाजूला हेच काम वाय गुणसूत्र करते, पण ते तुम्हा बहिणींकडे नाही. त्यासाठी तुमच्या वडिलांचा किंवा सख्ख्या भावाचा नमुना लागेल, आणि समोरची व्यक्तीही पुरुष असावी लागेल.

मात्र या सगळ्याच्या आधी साध्या शक्यता तपासा. अनोळखी नाव हे बहुतेक वेळा खातेदाराचे असते, लाळ देणाऱ्याचे असेलच असे नाही. वयस्कर नातेवाइकांचे खाते त्यांचा जावई किंवा नात चालवते. लग्नानंतरचे आडनाव, टोपणनाव, फक्त आद्याक्षरे, या सगळ्यामुळे ओळखीचा माणूस अनोळखी दिसतो. माझ्याकडे आलेल्या अशा कोड्यांपैकी पुष्कळ याच पातळीवर सुटली. उरलेल्यांत दत्तक दिलेले मूल, दात्याच्या शुक्राणूंपासून झालेले मूल, किंवा घरात कोणालाच माहीत नसलेले अपत्य, असे काही निघाले.

धाकट्या बहिणीचा नमुना त्याच कंपनीकडे द्यावा का, हेही तुम्ही ठरवाल. तसे केल्यास टक्केवारीचा प्रश्न बराच सुटेल आणि त्या व्यक्तीशी तिचे किती जुळते हेही कळेल. परंतु त्याच क्षणी तुम्हा दोघींची एकमेकींशी तुलनाही पडद्यावर येईल. ती २,६०० च्या आसपास असेल असे मी गृहीत धरतो, पण १,७५० आली, तर तुम्ही विचारलेल्या प्रश्नाहून फार मोठे उत्तर तुमच्या हाती पडेल. पूर्वी मी असे निष्कर्ष लेखी कळवत असे. साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांना, ज्यांना ते वडील मानत आले होते ते त्यांचे जन्मदाते नव्हते, ही गोष्ट माझ्या पत्रातून, घरी एकटे असताना समजली. त्यानंतर मी ही पद्धत बंद केली, आणि नमुना देण्यापूर्वीच ‘असे निघाले तर तुम्हाला ते जाणून घ्यायचे आहे का’ हा प्रश्न प्रत्येकाला समोरासमोर विचारू लागलो. तुम्हीही तो बहिणीला विचारा, आणि आईला तर अवश्य विचारा.

आईच्या संमतीत आणखी एक बाब येते. डीएनए एकदा दिला की तो तिच्या भावंडांची आणि नातवंडांचीही माहिती देतो, आणि कंपनी ती कायम सांभाळू शकेल असे गृहीत धरता येत नाही. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरट्यांच्या हाती गेली आणि २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. म्हणून नमुना जतन करू नये आणि संशोधनासाठी देऊ नये, हे दोन पर्याय खाते उघडतानाच निवडावेत, आणि कच्ची माहिती स्वतःकडे उतरवून घ्यावी. वारसाहक्कासारख्या कायदेशीर कामाला हा अहवाल चालत नाही, हेही लक्षात असू द्या. तिथे नमुना कोणाचा आहे याची साक्षीपुराव्याने नोंद लागते, आणि त्यासाठी वेगळी चाचणी करावी लागते.

तुमच्या जागी मी असतो, तर पुढच्या गोष्टी या क्रमाने केल्या असत्या. प्रथम यादीतले समान नातेवाईक पाहा. त्या अनोळखी व्यक्तीशी आणि तुमच्याशी असे दोघींशी जुळणाऱ्यांत एक जरी आईकडचा किंवा वडिलांकडचा ओळखीचा माणूस असेल, तर बाजू ठरली, आणि आईला नमुना मागण्याची गरजच उरत नाही. तसे कोणी नसेल, तर आईला ८९० या आकड्यासह सगळे सांगा आणि नमुना द्यायचा की नाही हे तिला ठरवू द्या. त्या व्यक्तीला संदेश पाठवायचा तो आईशी बोलून झाल्यावरच. संदेशात नात्याचा दावा करू नका, घरातली नावे लिहू नका. आपला डीएनए बऱ्यापैकी जुळतो असे दिसते, तुमचे आजी-आजोबा कोणत्या भागातले होते हे सांगायला हरकत नसेल तर कळवा, एवढे दोन ओळींत लिहा. उत्तर आले नाही, तर दुसरा संदेश पाठवण्यापूर्वी काही महिने थांबा. त्या बाजूलाही कोणी तरी पहिल्यांदाच हे नाव वाचत असेल.